झाडं तोडणारी, आग लावणारी माणसं आणि प्रेअरी

प्रेअरी, म्हणजे इथला उंच गवताचा मोकळा माळ, वाचवायची तर झाडं तोडावी लागतात आणि गवताला आग लावावी लागते, हे इथे शिकागोत आपल्या मराठी मंडळींना सांगितलं की प्रतिक्रिया ठरलेली, "अगं पण झाडं तोडणं म्हणजे पर्यावरणाचं नुकसानच ना?" नाही, इथल्या जमिनीवर तरी नाही. आणि ज्यांनी आख्खं आयुष्य या कामात घातलंय त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं म्हणून आज लिहितेय.

शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयला प्रेअरी स्टेट म्हणतात. १८२० च्या सुमारास इथे साधारण २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती, आज दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर चांगल्या अवस्थेत उरलीय. १८३७ मध्ये जॉन डिअरने स्टीलचा नांगर बनवला, मग ती काळी चिकट माती भराभर उलटली गेली आणि मका-सोयाबीन आलं. मूळ गवत उरलं ते कुठे, तर जुन्या दफनभूमीत आणि रेल्वे लाइनच्या कडेला, जिथे नांगर गेलाच नाही.

स्टीव्ह पॅकार्ड हे नाव इथे सगळ्यांना माहीत असायला हवं. १९७७ मध्ये या माणसाने शिकागो नदीच्या नॉर्थ ब्रँचकाठी व्हॉलंटियर्स जमवून काम सुरू केलं, पुढे तेच त्यांचं करिअर झालं. ओकच्या झाडांखाली विरळ सावलीत नेमकं काय उगवायचं हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं, कारण तो सवाना, म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश, जवळपास संपलेलाच होता. पॅकार्डनी स्वतः बघून अंदाजाने यादी केली आणि मग त्यांना एका डॉक्टरने १८४६ मध्ये छापलेली वनस्पतींची यादी सापडली, आणि दोन्ही बऱ्यापैकी जुळल्या! मला हे वाचून अक्षरशः काटा आला होता.

पण रोजचं काम एवढं भारी दिसत नाही. बकथॉर्न नावाचं युरोपातून आलेलं झुडूप ओकखाली इतकं दाट माजतं की ओकची रोपं सावलीतच मरतात. ते नुसतं कापून भागत नाही, बुंध्यातून परत फुटतं, म्हणून कापल्या कापल्या त्या खुंटावर निळा रंग मिसळलेलं तणनाशक लावायचं, रंग अशासाठी की कुठला खुंट राहिला ते कळावं. वाकून वाकून कंबर जाते. आणि दुसऱ्या टोकाला पांढरं प्रेअरी ऑर्किड, १९८९ पासून सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत, त्याचं परागीभवन व्हॉलंटियर्स चक्क टूथपिकने करतात, एकेका फुलाचं!

आगीचंही तसंच. वारा, हवेतली आर्द्रता, धूर हायवेवर जाणार नाही ना, सगळं बघून आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने पट्टा जाळून घेतात आणि मगच बाकीचं पेटवतात. 'बर ओक' या जातीच्या ओकची साल जाड असते, तो टिकतो. झुडपं मरतात.

लोकांना मात्र फक्त करवत आणि धूर दिसतो. १९९६ मध्ये इतका विरोध झाला की कुक काउंटीत (शिकागो जिच्यात येतं ती) हे काम थांबवण्यात आलं, काही ठिकाणी तर कित्येक वर्षं. विचार करा, तुमची वीस वर्षांची मेहनत समोर परत झुडपात जातेय आणि तुम्ही हात लावायचा नाही. तरी ही माणसं सोडून गेली नाहीत, मीटिंगा घेत राहिली, शेजाऱ्यांना जंगलात फिरवून दाखवत राहिली. माझ्या मते या पेशातली खरी कसोटी हीच आहे, एकाच जागेपाशी तीस-चाळीस वर्षं टिकून राहणं, आणि याला ना ग्लॅमर ना फारसा पगार.

आपल्याकडे सोलापूर, पुण्याच्या पूर्वेची माळरानं आहेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, तरी माळ दिसला की आपण म्हणतो पडीक आहे, झाडं लावा. पावसाळा आला की फोटो काढत खड्डे खणायला मंडळी हजर. लांडगा, खोकड, धाविक पक्षी यांना उघडं गवतच लागतं हो! खड्डा खणायच्या आधी त्या माळावर वर्षभर मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराला तरी विचारा कुठलं गवत कधी येतं ते, आणि वनखात्यात फक्त माळरानासाठी पगारी, बदली न होणारी माणसं नेमा अशी मागणी करा. मी तरी करणार आहे, गावच्या ग्रुपवर उद्याच टाकते.