पुण्यात मॉल बांधताना मिनेसोटा कसा आणावा

जागा ताब्यात आली, नाला वळवून झाला, मागची टेकडी थोडी 'नीटनेटकी' करून घेतलीत, म्हणजे अवघड काम उरकलं. आता राहिलं डिझाइन. त्यासाठी डोकं शिणवू नका. ते काम अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1956 सालीच कुणीतरी करून ठेवलं आहे.

मिनिॲपोलिसच्या शेजारी एडिना नावाचं गाव आहे. तिथे त्या वर्षी साउथडेल सेंटर उघडलं. चारी बाजूंनी बंद, डोक्यावर छप्पर, आत बारा महिने साधारण 24 अंश तापमान. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुविशारदाचं हे डोकं. त्याला तसं कारणही होतं. तिथे हिवाळ्यात पारा उणे 20च्याही खाली जातो आणि उन्हाळ्यात माणूस घामाने निथळतो. नाक गोठवून घेत मोजे आणायला कोण जाणार? म्हणून त्याने बाजारपेठेचा रस्ताच घरात घेतला.

तुमची अडचण एवढीच, की पुण्यात असली थंडी नाही. पण खचू नका. थंड हवेवर पुण्याचा कागदोपत्री हक्क आहे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून इथे आलं आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक आजही सिमला ऑफिसच म्हणतात. शिवाय जानेवारी 1935मध्ये पुण्यात 1.7 अंशांची नोंद झालेली आहे. आर्किटेक्टला हा आकडा द्या. चाळीसच्या वर गेलेल्या उन्हाळ्यांचे आकडे मात्र फाइलमध्येच राहू द्या.

सुरुवात काचेपासून. पश्चिमेची भिंत अख्खी काचेची हवी, वर मधोमध काचेचंच छप्पर. याला भक्कम आधार आहे. मिनेसोटातच ब्लूमिंग्टनला 1992 साली उघडलेला 'मॉल ऑफ अमेरिका' बघा. तिथल्या मधल्या मोकळ्या भागात हीटिंग नाही म्हटलं तरी चालेल. छपरातून येणारं ऊन, दिवे आणि हिंडणाऱ्या माणसांच्या अंगची ऊब एवढ्यावर भागतं, इतकं की कधीकधी भर थंडीत आतली हवा गार करावी लागते. तेच ऊन, तेच दिवे आणि तीच गर्दी तुम्ही पुण्यात आणा. फरक एवढाच, की तिथे जी उष्णता फुकट पदरात पडते, ती इथे पैसे मोजून बाहेर काढावी लागेल. काढा. गच्चीवर चिलर बसवा, मीटर पळू द्या आणि बिल 'कॉमन एरिया मेंटेनन्स' म्हणून गाळेवाल्यांच्या गळ्यात घाला.

आत 19 अंश ठेवा. "आजी, मॉलमध्ये जायचंय, शाल घे बरं का," हे वाक्य भर मे महिन्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या घरात ऐकू आलं, की समजा मिनेसोटा पोचलं.

आता दरवाजे. थंड मुलखात आत शिरताना लागोपाठ दोन दारं असतात. एक उघडं असताना दुसरं मिटलेलं राहावं आणि आतली ऊब पळू नये, म्हणून. आपल्याकडे या दोन दारांमधली जागा पर्स तपासायला फार सोयीची पडते. तिथे टेबल टाका, डबे आणि पाण्याच्या बाटल्या काढून घ्या आणि गर्दी खोळंबते म्हणून दोन्ही दारं सताड उघडी ठेवा. तिकडे गरम हवा वर चढून छपराच्या फटींतून निसटते. इथे गार हवा जड, ती खालून सरपटत दाराबाहेर पडते. दुपारी दोन वाजता पायऱ्यांपाशी जाऊन बघा: बरोबर त्या झोताच्या वाटेत एक तांबूस कुत्रं पोट फरशीला टेकवून झोपलेलं असतं. मॉलमध्ये वातशास्त्र कळणारा तेवढाच एक प्राणी. सिक्युरिटीवाला त्याला हुसकतो, ते उठतं, अंग झाडतं आणि वीतभर सरकून पुन्हा तिथेच पडतं.

भिंतींचा तपशीलही जसाच्या तसा उचला. थंड देशात बाष्प अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या अंगाला लावतात, कारण दमट ऊब आत असते आणि ती बाहेर निघू बघते. पुण्यात जुलैमध्ये ओल बाहेर आणि गारवा आत, म्हणजे सगळंच उलटं. तरी पडदा आतच लावा. परदेशी सल्लागाराला फी दिली आहे, त्याचं ड्रॉइंग उलटं कसं करणार? दोन पावसाळ्यांत ब्रँडेड वॉलपेपरमागे बुरशी धरेल.

छपराचा हिशेब तिकडे थट्टेवारी नेत नाहीत. 2006 साली पोलंडमध्ये कातोवित्सेजवळ प्रदर्शनाच्या हॉलचं छत बर्फाच्या भाराने कोसळलं, 65 माणसं गेली. आपल्याकडे बर्फच नाही, मग गच्चीवर रेस्तराँ, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचा टॉवर आणि वर होर्डिंग, एवढं तर बसायलाच हवं.

पार्किंगबद्दल थोडक्यात. कॅनडात एडमंटनला गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून पार्किंगमध्ये विजेचे प्लग असतात. तुम्हीही प्लग बसवा आणि त्यावर 'ईव्ही चार्जिंग' लिहा. चालू असण्याची सक्ती नाही.

महात्मा फुले मंडईकडे मात्र अभ्यासाला म्हणून फिरकू नका. 1886 सालची इमारत, उंच छप्पर, गरम हवेला वर जायला जागा, खाली माणसं घासाघीस करतायत आणि चिलर कुठेही नाही. असलं बघितलं की मनात नाही नाही त्या शंका येतात. तोच प्रकार संध्याकाळच्या वाऱ्याचा. मे महिन्यातही सहा-साडेसहाला पश्चिमेकडून जरा बरी झुळूक येते आणि माणसं सारसबागेबाहेर उभ्याने भेळ खात बसतात. हा वारा तुमचा खरा प्रतिस्पर्धी. एकही खिडकी उघडती ठेवू नका.

ग्रुएनचं पुढे काय झालं, हे गुंतवणूकदारांना सांगू नये. त्याच्या मूळ आराखड्यात साउथडेलभोवती घरं, शाळा, दवाखाने, तळं असं सगळं गाव होतं. बांधला गेला फक्त मॉल आणि सभोवार पार्किंग. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला, तर 1976 साली तिथेही गावाबाहेर तसलाच मॉल उभा. असल्या अनौरस पोरांची पोटगी आपण देणार नाही, असं त्याने 1978मध्ये सुनावलं. गिऱ्हाईक आलं कशासाठी हे विसरून भलतंच घेऊन जातं, त्या प्रकाराला 'ग्रुएन ट्रान्सफर' नाव पडलं, तेही बिचाऱ्याच्या मनात नसताना. पुण्यात हे ट्रान्सफर जरा वेगळं चालतं: माणूस तासभर गारव्यात बसतो, सरकत्या जिन्यावर नातवाला चार फेऱ्या मारून आणतो आणि खरेदीला तुळशीबागेत जातो.

त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत गाळे रिकामे पडले तर दचकू नका. नवा सल्लागार नेमा. तो सांगेल, छप्पर काढा, मधून रस्ता न्या, दोन्ही बाजूंना दुकानं, बसायला बाक, वारा खेळता ठेवा. जगात आता हेच चालतंय. लक्ष्मी रोडचं नाव त्याच्यासमोर काढू नका, फी कमी करा म्हणताय असं वाटेल त्याला. छप्पर काढा, 'हाय स्ट्रीट' अशी पाटी लावा आणि वाऱ्याचे पैसे भाड्यात धरा. झाडं तेवढी प्लास्टिकची घ्या, खऱ्यांचा पाला रोज झाडावा लागतो.