लंडनमध्ये छापून मिळेल का?

महाराष्ट्रात जहाल राजकीय लिखाणाची चर्चा निघाली की ती दोनच ठिकाणी जाऊन थांबते. एक बंदी, दुसरं पुरस्कार. २०२२च्या डिसेंबरात, माओवादी असल्याच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादासाठी सरकारने अनघा लेले यांना पुरस्कार जाहीर केला आणि आठवड्याच्या आत तो रद्द केला. समित्यांमधल्या लेखकांनी राजीनामे दिले, काहींनी आपले पुरस्कार परत केले. २०२५च्या जुलैत ‘कडव्या डाव्या विचारसरणी’च्या नावाने जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मग घरातल्या कपाटात कुठली पुस्तकं ठेवलेली चालतील इथपर्यंत बोलणी गेली.

ही भीती खोटी नाही. पण बंदी छापलेल्या पुस्तकावर येते, आणि पुरस्कारही छापलेल्यालाच देऊन काढून घेता येतो. जे हस्तलिखित छापखान्यापर्यंत पोचतच नाही, त्याच्या नावाने कुणी राजीनामा देत नाही.

हे मी बोलतेय ते माझ्या मामेभावामुळे. तो बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. ऊसतोड कामगारांवर त्याने बरीच वर्षं खपून पुस्तक लिहिलंय. मुकादम उचल कशी देतो, ती फिटू कशी देत नाही, एका कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशेबाच्या वहीत काय लिहिलेलं असतं, खाड्याचे पैसे कसे कापतात, हे सगळं त्यात वहीच्या पानांनिशी आहे. कारखान्यांची आणि चेअरमनांची नावंही आहेत. तो ज्यांच्याकडे गेला ते प्रकाशक काही उजवे नव्हते. चळवळीतली, सभांना एकत्र बसणारी माणसं. एकाने लिखाण ताकदीचं आहे म्हणून चहा पाजला आणि आमच्या यादीत बसत नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्याने फोनवर सल्ला दिला, “सर, नावं काढा आणि कादंबरी करून टाका.”

मग मला मेसेज आला. “ताई, तू लंडनला आहेस. तिकडे डावे प्रकाशक पुष्कळ आहेत म्हणतात. तिकडेच कुणी छापेल का?”

लंडनमध्ये अशा प्रकाशकांची मोठी परंपरा आहे, हे खरं. व्हाइटचॅपलच्या हमरस्त्यावरून एंजल ॲली नावाच्या बोळात शिरलं की ‘फ्रीडम प्रेस’चं दुकान लागतं. १८८६ सालची ही अराजकवाद्यांची संस्था. २०१३च्या फेब्रुवारीत तिथे कुणीतरी आग लावली, पुस्तकं जळाली. ‘प्लूटो’ १९६९चं, ‘व्हर्सो’ १९७०चं. किंग्ज क्रॉसजवळचं ‘हाउसमन्स’ हे शांततावाद्यांचं दुकान १९५९पासून त्याच रस्त्यावर आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे जहाल लिहिणाऱ्याला रान मोकळं आहे.

मी पोटासाठी छोट्या धंद्यांचे हिशेब बघते. त्यात एक छोटी डावी प्रकाशनसंस्थाही आहे. तिच्या खतावणीतून हे रान बरंच वेगळं दिसतं. १५ पौंडांचं पुस्तक धरा. निम्मे पैसे दुकानदाराचे. उरलेल्या साडेसातमधून वितरक आणि विक्रीप्रतिनिधी मिळून दीडेक पौंड नेतात. छपाई अडीच. लेखकाचं मानधन सव्वा पौंडाच्या आसपास. उरले दोन-सव्वादोन पौंड, आणि त्यात संपादन, मुखपृष्ठ, जागेचं भाडं, गोदाम, वकील. त्यातही दुकानात न खपलेल्या प्रती परत येतात आणि आधी विक्री म्हणून लिहिलेली रक्कम उलटी फिरते. आपल्याकडे विक्रेता पैसे थकवतो, इथे पुस्तकं परत पाठवतो. एवढाच काय तो फरक.

मग या संस्था जगतात कशा? दर महिन्याला ठरावीक रक्कम भरणाऱ्या वर्गणीदारांवर. जे निघेल ते पुस्तक त्यांच्या घरी जातं. ही युक्ती जुनी आहे. व्हिक्टर गोलान्झने १९३६ साली ‘लेफ्ट बुक क्लब’ काढला. महिन्याला अडीच शिलिंगांत एक पुस्तक. १९३९पर्यंत ५७ हजार सभासद झाले. सरकारची मिनतवारी नको, समीक्षकांची नको. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत असते, तिचंच हे मोठं रूप.

पण याच गोलान्झने स्पेनच्या यादवीवरचं जॉर्ज ऑर्वेलचं पुस्तक लिहून होण्याआधीच नाकारलं, कारण त्यात कम्युनिस्टांवर टीका येणार होती. ते १९३८ साली दुसऱ्याने काढलं. १५०० प्रती छापल्या, आणि त्या लेखक मरेपर्यंत संपल्या नाहीत. पुढे ‘ॲनिमल फार्म’लाही गोलान्झने नकार दिला, आणखी काही मोठ्या प्रकाशकांनीही दिला. युद्ध चालू होतं, स्टालिन दोस्त होता. सरकारने बंदी घातली नव्हती. तशी गरजच पडली नाही.

ही गोष्ट मराठी माणसाला नवी वाटायला नको. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. ‘दीनबंधू’ने त्याचा सुरुवातीचा भाग छापला आणि पुढचा छापायला नकार दिला. ‘दीनबंधू’ म्हणजे ब्राह्मणांचं किंवा इंग्रजांचं पत्र नव्हे, सत्यशोधकांचंच. संपादक नारायण मेघाजी लोखंडे, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चळवळीचा पाया घालणारा माणूस. फुल्यांनी आपल्यातल्याच या छापखानेवाल्यांना भेकड म्हणून लिहून ठेवलंय.

बाबासाहेबांचं १९३६ सालचं प्रकरण तर सगळ्यांना पाठ आहे, पण त्याची ही बाजू फारशी कुणी बोलत नाही. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण थांबवलं ते सनातन्यांनी नव्हे. जात मोडायला निघालेल्या लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने थांबवलं. काही मजकूर गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं आणि स्वतःच्या खर्चाने १५०० प्रती छापल्या, किंमत आठ आणे. दोनेक महिन्यांत त्या संपल्या.

लोखंडे, गोलान्झ, लाहोरचं मंडळ, यातलं कुणीच शत्रुपक्षातलं नव्हतं. प्रत्येकाकडे संस्था होती आणि ती जपायची होती. माझ्या भावाला चहा पाजणाऱ्या प्रकाशकाकडेही संस्था आहे. त्याची विक्री मुख्यतः ग्रंथालयांवर चालते. महाराष्ट्रात अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार. शिवाय महाविद्यालयांची. आता ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने हे पुस्तक मागवायचं, त्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आणि साखर कारखान्याचा चेअरमन एकच असतो, किंवा मग साडू असतो. तिथे सरकारने बंदी घालायची काय गरज? ग्रंथपाल यादीवरून एक ओळ खोडतो, प्रकाशक ते आधीच ओळखून असतो, आणि लेखकाला सांगितलं जातं, कादंबरी करा.

मराठी डावे आणि समाजवादी या गोष्टीवर बोलत नाहीत. दिल्लीवर बोलणं सोपं आहे. गावच्या चेअरमनबद्दल बोललं तर सभेला हॉल मिळत नाही.

राहिला परदेशाचा मार्ग. त्याचा सगळ्यात गाजलेला मराठी दाखला डाव्यांचा नाहीच, सावरकरांचा आहे. १८५७वरचं पुस्तक त्यांनी याच लंडनमध्ये मराठीत लिहिलं. महाराष्ट्रात छापायचा बेत पोलिसांच्या झडत्यांमुळे फसला, जर्मनीत खिळे जुळवणाऱ्यांना नागरी लिपी जमेना. शेवटी इंग्रजी भाषांतर करून १९०९ साली हॉलंडमध्ये छापलं. प्रसिद्ध होण्याआधीच त्यावर बंदी आली होती. डिकन्सच्या पुस्तकाचं खोटं वेष्टन चढवून प्रती हिंदुस्थानात धाडल्या. साहस मोठंच. (आज कुठल्याही जहाल पुस्तकाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास एकदा निवांत वाचावा.) पण मराठीत लिहिलेलं पुस्तक जगात गेलं ते इंग्रजीतून, आणि बंदी उठली १९४६ साली. तोवर मराठी वाचकाला ते उघडपणे मराठीत मिळालं नाही.

माझ्या भावाचंही तेच होईल. इथल्या प्रकाशकाला ते इंग्रजीत लागेल, त्याला जागतिक मजूर-स्थलांतराची प्रस्तावना लागेल, मुकादमाच्या वहीची पानं परिशिष्टात जातील आणि चेअरमनांची नावं इथला वकील आधी काढेल. बदनामीच्या दाव्यांना इंग्लंडातले प्रकाशक किती घाबरतात याचा नमुना हवा असेल तर केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे बघा. २०१४ साली पुतिनच्या भ्रष्टाचारावरचं कॅरेन डविशा यांचं पुस्तक त्यांनी याच भीतीपोटी सोडून दिलं, ते मग अमेरिकेत निघालं.

आणि परदेशी नावाचं कवच म्हणाल तर तेही पोकळ आहे. पेंग्विनने २०१४ साली वेंडी डोनिजर यांचं हिंदू धर्मावरचं पुस्तक कोर्टाबाहेर तडजोड करून मागे घेतलं. ऑक्सफर्डने जेम्स लेनचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक २००३च्या अखेरीस मागे घेतलं, तरी जानेवारी २००४मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झालाच. २०२५च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने एका आदेशात २५ पुस्तकं जप्त ठरवली. त्यात परदेशी प्रकाशकांचीही होती. प्रकाशक जितका मोठा तितकं त्याचं माघारीचं गणित सोपं. यादीतल्या हजार पुस्तकांतलं एक गेलं तर त्याला काय फरक पडतो?

इथल्या पोलिसांबद्दलही कुणी फार भोळं राहू नये. २०२३च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या ‘ला फाब्रिक’ या डाव्या प्रकाशनसंस्थेचा एक कर्मचारी लंडनच्या पुस्तक मेळ्यासाठी सेंट पँक्रस स्टेशनवर उतरला. दहशतवादविरोधी कायद्याखाली त्याला अडवलं, फ्रान्समधल्या पेन्शन-बदलांविरोधी आंदोलनांबद्दल विचारलं, आणि फोनचा पासवर्ड देत नाही म्हणून अटक केली. पुस्तक विकायला आलेला माणूस. मी रोज त्याच स्टेशनवरून जाते.

म्हणून मी भावाला सांगितलं, लंडनचा नाद सोड, ६ डिसेंबरला दादरला जा. चैत्यभूमीच्या वेळी शिवाजी पार्कवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तसं जहाल पुस्तकांचं मार्केट मी इथे कुठेही पाहिलेलं नाही. इथल्या डाव्यांच्या पुस्तक जत्रेत येणारे बहुतेक पदवीधर असतात, एकमेकांना ओळखतात आणि कापडी पिशव्या जास्त विकत घेतात. दादरला परभणीहून रात्रभर उभ्याने आलेला माणूस वीस-तीस रुपयांच्या पुस्तिका चाळतो, किंमत विचारतो, दोन ठेवून तीन घेतो. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. तिथले बरेच प्रकाशक म्हणजे एक माणूस, एक मोबाइल आणि गठ्ठे. त्यांना ग्रंथालयाची ऑर्डर नको, परीक्षण नको, पुरस्कार तर नकोच. आणि आपले साहित्यिक मराठी पुस्तक खपत नाही म्हणून परिसंवाद घेतात तेव्हा यांना बोलावत नाहीत.

सरकारच्या भरवशावर राहिलं की काय होतं तेही याच पुस्तकांच्या बाबतीत दिसलं. बाबासाहेबांच्या खंडांच्या नऊ लाख प्रती छापायचं ठरलं होतं. चार वर्षांत जेमतेम ३३ हजार छापल्या, कागद गोदामात पडून राहिला, आणि २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बंदीचा कागद कुणी काढला नव्हता, तरी वाचकाला पुस्तक मिळत नव्हतं.

भावाचं म्हणणं, स्टॉलवर ४०० पानांचं पुस्तक चालत नाही. त्यात तथ्य आहे. मी म्हटलं, मग त्याच्या सहा पुस्तिका कर. पहिली मुकादमाच्या वहीची. टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, त्याआधी काढ आणि कारखान्यावरच्या अड्ड्यांतही विक. ज्यांच्यावर लिहिलंय त्यांच्या हातात आधी पडू दे.

पैशाचा विषय निघाला तेव्हा त्याने सहज विचारलं, तूच का नाही देत? देईनही, पण माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, कार्ड आहे. विदेशी देणग्यांच्या कायद्याच्या लेखी मी विदेशी स्रोत आहे. भारतीय पासपोर्टवाल्या माझ्या शेजारणीने आपल्या बचतीतून दिले तर ते विदेशी धरत नाहीत, माझे धरतात. शिवाय ‘लंडनहून पैसा आला’ एवढं एक वाक्य त्याच्या पुस्तकाला पुरेल, कायदा काय म्हणतो हे नंतर कोण वाचतंय? मालाची रीतसर किंमत मोजणं ही देणगी होत नाही, तेव्हा मी प्रती विकत घेईन, पावती घेऊन. इथल्या मराठी मंडळींना विचारायला सुरुवात केलीय. ढोलपथकासाठी पटापट खिशात हात घालणारे आधी विषय विचारतात, मग म्हणतात, आमच्या काकांचाच कारखाना आहे तिकडे.

सध्या गाडी अडलीय ती नावांवर. बीडच्या वकिलाने वाचून सांगितलं, ज्याला वहीचं पान आहे ते नाव ठेवा, ऐकीव आहे ते काढा. भाऊ म्हणतो ऐकीव काहीच नाही. मी प्रत्येक नावासमोर पान क्रमांक मागितलाय. सहाव्या पुस्तिकेतले दोन चेअरमन अजून पानाशिवाय आहेत.