होय, जाहिरातच आहे ती. मग?

आज संध्याकाळी साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर ऑफिसातला एकजण माझ्या मोबाईलमध्ये डोकावला. "एवढा घोडा झालास आणि गेमच्या जाहिराती बघत बसतोस?" बाकीचे फिदीफिदी हसले. तिथं गप्प बसलो, पण घरी आलो तरी डोकं तापलेलंच आहे.

बघत होतो 'द लास्ट बॅस्टियन'. ओव्हरवॉच गेमची छोटी ॲनिमेशन फिल्म, ऑगस्ट 2016 ची. युद्ध संपून वर्षं लोटलेली आणि जंगलात शेवाळ चढलेला एक लढाऊ रोबो. एक पाखरू त्याच्या अंगावर घरटं बांधायला लागतं तसा तो जागा होतो. जंगल बघत हिंडतो. तेवढ्यात सुतारपक्षी टकटक करतो, ह्याला वाटतं गोळीबार सुरू झाला, आणि समोरची झाडं भुईसपाट! अख्ख्या फिल्ममध्ये संवाद नाही.

हीच मी आजीला दाखवली होती. आजीचं माहेर अपशिंगे मिलिटरी, तिथं घरटी एक तरी फौजेत. शेंगा फोडता फोडता बघत होती. सुतारपक्षी आला आणि तिचा हात थांबला. "आरं, लढाई संपल्याचं ह्याला कुणी सांगितलंच न्हाई वाटतं." मग जरा वेळानं, "आमच्या दादाचं आसंच. दिवाळीत लवंगी वाजली तरी माजघरात जाऊन बसायचा."

हा दादा पासष्टच्या लढाईतून आलेला. मला तो फक्त भिंतीवरच्या फोटोतला माहीत. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही, आजी तर नाहीच. काढला तो ह्या 'कार्टून'नं.

आणि एक सांगतो. मे 2016 ला ओव्हरवॉच आला तेव्हा आत गोष्ट नव्हतीच. सहा विरुद्ध सहा, मारामारी, खेळ खल्लास. हान्झो आणि गेंजी ह्या गेममधल्या भावांत काय घडलं, हे कळायचं ते फिल्म आणि कॉमिक्समधूनच. टीम फोर्ट्रेस 2 ह्या दुसऱ्या गेमवाले तर 2007 पासून एकेका पात्राची ओळख अशाच छोट्या फिल्ममधून करून देत होते. त्यातला पायरो बघा. त्याच्या डोळ्यांना सगळीकडं गोंडस बाळं आणि इंद्रधनुष्य, प्रत्यक्षात गडी सगळं पेटवत चाललेला! कसलं डोकं लावलंय राव.

हो, शेवटी आपला खिसा हलका करायलाच बनवतात. मान्य.

चिडायचं तर त्यावर चिडा ना! ओव्हरवॉच 2 ची घोषणा 2019 मध्ये केली, हिरो मोडचं, म्हणजे कॉम्प्युटरविरुद्ध मिळून खेळत आपलं पात्र वाढवत न्यायच्या खेळाचं, गाजर दाखवलं, आणि मे 2023 मध्ये तो रद्द. फिल्म संपल्यावर आजीनं विचारलं होतं, "मग त्या रोबोचं म्होरं काय झालं?" काय सांगू तिला? जीव लावायला तुम्हीच शिकवलंत, आता निस्तरा की.

असो. फिल्म आठ मिनिटांचीसुद्धा नाही. हसणाऱ्यांनी हेडफोन लावून एकदा पूर्ण बघावी, आणि मग यावं माझ्याशी भांडायला.