उंची, बूट आणि अण्णा

बाबल्याच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून हॅरॉल्ड लॉइडचा जुना विनोदी मूकपट ‘व्हाय वरी?’ पाहिला होता. त्यामुळे कट्ट्यावर लॉइडचा विषय निघणार हे ठरलेलंच होतं. निघाला मात्र त्यातला राक्षस.

“नऊ फूट होता तो,” अण्णांनी पहिल्या घोटालाच जाहीर केलं. “मी वाचलंय.” अण्णा कुठे वाचतात हे ग्रुपवरच्या सगळ्यांना ठाऊक आहे.

“पोस्टरवर वाचलं असेल,” लंब्या म्हणाला. “राक्षस झालेल्या जॉन आसेनला जाहिरातीत जवळजवळ नऊ फुटांचा करून टाकला होता. मेल्यावर मोजला तर सात फुटांच्या जरा वर भरला.”

“मेल्यावर दोन फूट आटला?” बाबल्या.

“जिवंतपणी वाढवला होता! माझी स्थळं बघताना आईनं दोन इंच कमी सांगितलेच होते की. गिऱ्हाईक बघून माप.”

लंब्या सहा फूट चार इंच आहे. या विषयावर बोलायचा हक्क त्याचाच, असं माझं मत. अण्णांचं नाही.

मीनलनं मधली गोष्ट सांगितली. भूमिका मुळात आसेनची नव्हतीच. सर्कशीतला जॉर्ज ऑगर ठरला होता, तो १९२२च्या नोव्हेंबरात, शूटिंगच्या तोंडावर वारला. मग नवा राक्षस शोधायची धावाधाव. मिनेसोटात आसेन सापडला तो बुटांमुळे. त्याच्या अवाढव्य बुटांची बातमी पेपरात आली होती.

“बुटांवरून नट निवडला!” अण्णांना भलताच आनंद झाला. “म्हणजे अभिनयाच्या नावानं शून्य.”

“दाढदुखीचा सीन आठवा,” लंब्या म्हणाला. “लॉइड दात उपटायला त्याच्या अंगाखांद्यावर चढतो, दोरी ओढतो, आपटतो. लॉइड नाचतोय एवढं खरं, पण आसेन वेदनेनं नुसता चेहरा करतो तेव्हा आपण हसतो. आणि अभिनयाचं तुम्ही बोलू नका अण्णा. गणपतीतल्या नाटकात तुम्ही हवालदार होतात. वाक्य एक. तेही प्रॉम्प्टरनं म्हटलं.”

“माईक खराब होता.”

“मला तर भूमिकाच नव्हती. पडदा सरकेना म्हणून अख्खा प्रयोग तो धरून उभं केलंत. ‘तुझा हात पोचतो’ म्हणे.”

हे भांडण दर भाद्रपदात होतं, यंदा लवकर झालं. मीनलनं गाडी परत आसेनवर आणली. बिचारा १९३८मध्ये कॅलिफोर्नियात गेला, ४८ वर्षांचा. पिट्युटरी ग्रंथी बिघडली की हाडं थांबतच नाहीत, आणि एवढ्या देहाला हृदय कुठून पुरणार? त्याचा सापळा आज लोमा लिंडा विद्यापीठात आहे.

“त्याचंच कबूल होतं आधी,” अण्णा म्हणाले. “विज्ञानासाठी. यात रडण्यासारखं काय आहे?”

“सापळा गेला डॉक्टर हंबर्डकडे,” लंब्या शांतपणे म्हणाला. “उंच माणसांवर लिहिण्याचा छंद होता त्याला. त्याच्या लेखावरून जगातल्या सगळ्यात उंच माणसानं, रॉबर्ट वॉडलोनं, त्याला कोर्टात खेचलं होतं.”

“हरला ना पण वॉडलो!”

“हरला. आणि तो आयरिश राक्षस, चार्ल्स बर्न? १७८३मध्ये मेला. मला समुद्रात बुडवा म्हणून सांगून ठेवलं होतं. जॉन हंटर नावाच्या सर्जननं प्रेत मिळवलं, सापळा केला, आणि लंडनच्या म्युझियमनं त्याला काचेतून हलवायला २०२३ उजाडलं. तिथे कुणाचं कबूल होतं अण्णा?”

अण्णांनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटलं.

“सिनेमात आसेनच्या पाठीवर तोफ बांधली होती,” लंब्या थांबेना. “जिवंतपणी कॅमेऱ्यापुढे उभा केला, मेल्यावर विद्यार्थ्यांपुढे. बसू कधी दिलं त्याला?”

एवढं बोलून तो स्वतःच कठड्यावर बसला, तेव्हा कुठे आमची मान सरळ झाली.

“लंब्या, तुझ्या सापळ्याचं काय ठरलंय?” बाबल्यानं विचारलं.

“बायकोनं मागितलाय. माळ्यावरचे डबे काढायला.”

मीनलला ठसका लागला, चहावाल्यानं पाणी आणलं, आणि बर्न, हंटर, हंबर्ड सगळे त्या गडबडीत वाहून गेले. अण्णा तेवढे हसत नव्हते. सगळं शांत झाल्यावर म्हणाले, “आणि वाक्यं दोन होती.”