आर्टिकल ‘पाठच करा’ म्हणणाऱ्या तक्त्याला उत्तर

दहावीची परीक्षा जवळ आली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर इंग्रजीतल्या आर्टिकलचा, म्हणजे नामाआधी लागणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’चा, एक तक्ता फिरायला लागतो. यंदा तो मला चौघांकडून आला. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी. वर त्याने लिहिलं होतं, “काय ओ सर, हे असं सोपं करून तुम्ही कधी शिकवलं नाही!”

तक्ता म्हणतो: ए, ई, आय, ओ, यू यांपैकी अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी ‘ॲन’, बाकी सगळीकडे ‘अ’. वस्तू पहिल्यांदा आली की ‘अ’, दुसऱ्यांदा आली की ‘द’. विशेषनामाला आर्टिकल लागत नाही. आणि खाली लाल अक्षरांत: मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपल्याला ते कळणार नाही, पाठच करा.

पहिला नियम सोलापूरच्या स्टँडवरच कोलमडतो. एसटीच्या स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर एस, म्हणजे तक्त्याप्रमाणे ‘अ एसटी’. बरोबर आहे ‘ॲन एसटी’. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला प्लॉटही ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’. उलट युनिव्हर्सिटीच्या सुरुवातीला यू असूनही ती ‘अ युनिव्हर्सिटी’. कारण प्रश्न कानाचा आहे, स्पेलिंगचा नाही. माझ्या क्लासमध्ये मी एक युक्ती सांगतो, ती इंग्रजी माध्यमाच्या पोरांना सुचणारच नाही: शब्द देवनागरीत लिहून बघ. अवर, ऑनेस्ट, एमएलए, एक्स-रे… पहिलं अक्षर स्वर, तर ‘ॲन’. युरोपियन, वन-रुपी कॉइन… पहिलं अक्षर व्यंजन, तर ‘अ’. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, तिचा एवढा तरी फायदा घ्या.

खरं तर ‘ॲन’ आधीचा. तो आणि ‘वन’ एकाच जुन्या शब्दातून आले, अर्थ ‘एक’. पुढे व्यंजन आलं की त्याचा न गळत गेला आणि ‘अ’ उरला. या न-च्या ये-जा करण्यात इंग्रजांचेही कान फसलेत. कमरेला बांधायचा एप्रन पूर्वी ‘नॅप्रन’ होता. ‘अ नॅप्रन’ म्हणता म्हणता न आर्टिकलला चिकटला आणि ‘ॲन एप्रन’ झालं.

पहिल्यांदा ‘अ’, दुसऱ्यांदा ‘द’ हे गोष्टीच्या पुस्तकात छान जमतं: एक राजा होता, तो राजा… पण घरात कोणी “दार लाव” म्हणालं, तर दाराचा आधी उल्लेख कुठे झालेला असतो? तरीही इंग्रजीत ‘द डोअर’च, कारण कुठलं दार ते दोघांनाही माहीत आहे. “काल एका लग्नाला गेलो होतो, नवरी दोन तास उशिरा आली.” नवरी पहिल्यांदाच आली, तरी ती ‘द ब्राइड’, कारण लग्न म्हटलं की नवरी आलीच. आणि “त्याने चादर घेतली, मीपण चादर घेतली” यात चादर दुसऱ्यांदा आली, तरी ‘अ’च राहतो. चादरी दोन वेगळ्या आहेत.

विशेषनामांबद्दल थोडक्यात. भीमा, सीना या नद्यांना ‘द’ लागतो, सह्याद्रीच्या रांगेला लागतो, एकट्या कळसूबाईला नाही. सिद्धेश्वर लेकला नाही, पण सिद्धेश्वर एक्स्प्रेसला लागतो. नेदरलँड्सला लागतो, इंडियाला नाही. म्हणजे तक्त्याचा नियम चूकच आहे, पण इथे बरंच काही पाठ करावं लागतं, हे मला मान्य.

मला खरा राग आहे तो लाल अक्षरांतल्या ओळीचा. मराठीत आर्टिकल नाही, बरोबर. सोलापुरात घराघरांत बोलल्या जाणाऱ्या कानडीत आणि तेलुगूतही नाही. पण आर्टिकल ज्याचं उत्तर देतं तो प्रश्न, म्हणजे ‘ऐकणाऱ्याला कुठलं ते कळलंय का?’, आपण दिवसभर सोडवत असतो. “दारात रिक्षा उभी आहे” आणि “रिक्षा दारात उभी आहे” ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. पहिली रिक्षा कोणाची तरी, नुसती येऊन थांबलेली: ‘अ रिक्षा’. दुसरी आपणच बोलावलेली: ‘द रिक्षा’. शब्द तेच आहेत, फक्त क्रम बदलला. “मी डॉक्टर शोधतोय” म्हणजे कोणीही चालेल. “मी डॉक्टरांना शोधतोय” म्हणजे ठरावीक एक, मघाशी राउंडला आलेले. इंग्रजी जे काम ‘अ’ आणि ‘द’कडून करून घेते, ते मराठी कधी क्रमाकडून, कधी ‘ला’-‘ना’कडून, कधी ‘एक’ आणि ‘तो’कडून करून घेते. जे मूल पाचव्या वर्षी रिक्षाची ही दोन वाक्यं न चुकता बोलतं, त्याला पंधराव्या वर्षी “तुला हे कळणार नाही” असं कसं सांगायचं?

म्हणून मी आधी मराठी वाक्य घेतो. गेल्या चाचणीत निम्म्या वर्गाने ‘द सोलापूर इज फेमस फॉर द चादर्स’ लिहिलं. सोलापूरमधला ‘द’ मी नुसता खोडला, तो पाठांतराचा भाग. चादरींसाठी मात्र फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: “सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहे” आणि “नव्या पेठेतून आणलेल्या चादरी भिजल्या”. विचारलं, कुठल्या चादरी? पहिल्या वाक्याला मागच्या बाकावरून उत्तर आलं, “कुठल्याच नाहीत ओ सर, सगळ्याच.” मग तिथे ‘द’ कशाला, हे मला सांगावं लागलं नाही.