लाइट नसताना गॅस गिझर: त्या मेसेजमधलं खरं किती?

थंडी पडली की नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘गॅस गिझरला लाइट लागत नाही, म्हणून तोच सुरक्षित. ज्योत निळी असेल, वास येत नसेल तर बिनधास्त आंघोळ करा. सेल संपले तर सेन्सर डायरेक्ट करून घ्या.’ घरी जुना गिझर असेल तर कृपा करून हे ऐकू नका.

लाइट लागत नाही, हे गिझरपुरतं खरं. त्याला दोन जाड सेल पुरतात. पण बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचं काय? इंदिरानगर, सिडकोतल्या कित्येक फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी डक्टात उघडते, आणि निफाडचा पारा उतरला की तीही लावून घेतली जाते. त्यात लाइट गेली की गिझर चालू राहतो आणि हवा खेळायची थांबते. 1 किलो गॅस जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. 6 लिटरचा गिझर 10 मिनिटांत 150 ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे जवळजवळ 2 घनमीटर हवा खातो. लहान बाथरूममध्ये हवा असते जेमतेम 7-8 घनमीटर, आणि जळालेली हवा फिरून पुन्हा बर्नरकडेच येते. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

त्याला वास नसतो. सिलिंडरच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो, तो जळून जातो. निळी ज्योतही भरवशाची नाही. आत काजळी धरली असेल तर ज्योत निळी दिसत असतानाही विषारी वायू होतो.

सर्वांत वाईट सल्ला सेन्सरचा. बर्नरवरची ती बारीक कांडी ज्योत विझली की व्हॉल्व्ह बंद करवते. ती डायरेक्ट केली, म्हणजे वगळून टाकली, तर ज्योत विझल्यावरही गॅस येतच राहतो. गिझर पेटत नसेल, नुसती टिकटिक होत असेल तर आधी सेल बदला, सेलच्या डब्यातल्या स्प्रिंगवरचा हिरवट थर घासून काढा. तरीही पेटला नाही तर मेकॅनिकला बोलवा.

गिझरची जागा उघड्या ड्राय बाल्कनीत, बाथरूममध्ये फक्त पाइप. तो तिथे हलवेपर्यंत आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्या, मगच आंघोळ.

कुणाला गरगरलं, मळमळलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग 108 ला फोन. घरचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, आकडा 98 दाखवू शकतो. डॉक्टरांना गिझर चालू होता हे आवर्जून सांगा.