लागंल तेवढं पाणी

सात-बारावर अजून माझं नाव आहे. कृष्णाकाठची काळी जमीन, तीन भावांत मिळून चार एकर, शिवाय विहिरीत चौथा हिस्सा. आणि असा हा मी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, अंगणात घोटाभर बर्फ असताना, कॅनडातल्या मिसिसागाच्या एका दुकानातून माती विकत घेऊन आलो. तीही गोळ्यांच्या रूपात. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जुन्या शेवाळाच्या, 72 गोळ्यांचा खोका, सोबत प्लॅस्टिकचा ट्रे आणि ट्रेवर पारदर्शक झाकण.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं, "आई, वांग्यासाठी गोळ्या आणल्यात."

"गोळ्या? वांग्याला काय झालंय?"

"काही नाही झालं. अजून लावलंच नाही."

"मग आदीच औषध कशाला?"

इथला हिशोब तिला समजावता समजावता माझा घसा बसला. टोरांटोच्या आसपास मे महिन्याचा पहिला-दुसरा आठवडा उलटेपर्यंत रात्रीचा फ्रॉस्ट, म्हणजे रोपं गोठवणारी थंडी, कधी पडेल सांगता येत नाही. म्हणून जाणती माणसं व्हिक्टोरिया डेची, म्हणजे 25 मेच्या आधीच्या सोमवारची वाट बघतात. वांगं आणि मिरची ही उबदार मुलखातली प्रजा. त्यांची रोपं तयार व्हायला आठ आठवडे हवेत, आणि सप्टेंबर सरता सरता थंडी पुन्हा दारात हजर. तेव्हा बी लावायचं मार्चमध्ये, घरात, बेसमेंटमध्ये, ट्यूबलाइटखाली.

"त्यापेक्षा देसी दुकानात छोटी वांगी मिळतात की," असं बायको म्हणाली. मिळतात, मान्य आहे. पण विमानप्रवासाने शिणलेली असतात बिचारी. त्यांच्या देठाचा काटा मऊ पडलेला असतो. भरल्या वांग्याचं वांगं निवडताना बोटाला टोचलं पाहिजे, असं माझं मत आहे. बायकोचं मत असं, की ज्या माणसाने लग्नानंतर एकदाही वांगं चिरलेलं नाही त्याने बोटांविषयी बोलू नये.

गोळी दिसायला दहाच्या नाण्याहून थोडी मोठी, तपकिरी, चपटी चकती. भोवती बारीक जाळी, वर मधोमध खळगा. थेट शेणीचं पिल्लू. पण ट्रेमध्ये कोमट पाणी ओतलं आणि चमत्कार झाला. फुलका तव्यावर फुगतो तशी एकेक गोळी फुगायला लागली, फक्त फुलका फुगतो चहूबाजूंनी आणि ही सरळ उभी उठत होती. पाच-सात मिनिटांत बोटाच्या दोन पेरांएवढी उंची. लेकीने टाळ्या वाजवल्या. मी खोल श्वास घेतला. वाटलं, पहिल्या पावसाचा वास येईल. गोणपाटाचा आला.

प्रत्येक गोळीत दोन-दोन बिया टोचल्या, झाकण लावलं, ट्रेखाली विजेची गरम गादी घातली. इथवर सगळं सोपं होतं. मग खोक्यावरची सूचना वाचली: माध्यम सतत ओलसर ठेवावे, ओले ठेवू नये.

ही सूचना मी चार वेळा इंग्रजीत वाचली. कॅनडात सगळं दोन भाषांत छापलेलं असतं, म्हणून मग फ्रेंचमध्येही वाचली. मला फ्रेंच येत नाही, पण निदान त्या लोकांना तरी चमच्याचं माप दिलं असेल अशी आशा होती. ओलसर कुठे संपतं आणि ओलं कुठे सुरू होतं? टॉवेलचं असतं ते ओलसर, की पोह्यांचं?

शेवटी आईलाच विचारलं. "पाणी किती घालायचं?"

"आरं, लागंल तेवढं."

ही तीच बाई, जिच्याकडून मी पिठलं शिकत होतो तेव्हा मीठ चवीपुरतं, तेल बेतानं आणि बेसन "अंदाजानं घे की" असं होतं. मी ते पिठलं केलं होतं. शेवटी सुरीने कापून वाटलं.

तर लागेल तेवढं पाणी सुरू झालं. सकाळी सहाला, ट्रेन पकडण्याआधी, मी इस्त्रीच्या स्प्रेने एक हात फिरवायचो. दुपारी घरून काम करणारी बायको कॉफीला उठली की बेसमेंटमध्ये उतरायची आणि "कुणाचं लक्षच नाही" असं म्हणून कपभर ओतायची. शाळेतून आल्यावर लेक तिच्या वॉटरबॉटलमधलं उरलेलं पाणी घालायची, कारण पाणी वाया घालवू नये असं शाळेत शिकवलंय. रात्री झोपण्याआधी मी पुन्हा. पीटची खोड अशी, की वरचा पापुद्रा सुकला की तो फिका पडतो आणि बघणाऱ्याचा जीव कळवळतो. आत मात्र डबकं असतं. एकाने घातलेलं पाणी दुसऱ्याला माहीत नाही. जिच्याकडे घर चालवायची सगळी वेळापत्रकं आहेत तिनेही यासाठी फ्रिजवर कागद लावला नाही, हे मी नंतर बोलूनही दाखवलं. बोलायला नको होतं.

आठव्या दिवशी पहिलं रोप आलं. वांग्याचं रोप आधी मान वाकवून वर येतं, जणू उंबऱ्याला डोकं लागेल अशी भीती आहे, आणि मग हळूच दोन पानं उघडतं. चार दिवसांत 51 रोपं झाली. मी ऑफिसात डोनट वाटले. "कशाबद्दल?" असं साहेबाने विचारलं तेव्हा "घरी नवीन पाहुणे" म्हणालो आणि दिवसभर लोकांचे गैरसमज निस्तरत बसलो.

रोपं आली की झाकण काढायचं असतं. मी काढलं नाही. बाहेर बर्फ, आणि ही एवढीएवढीशी. झाकणाला आतून दव सुटलेलं, गोळ्यांवर पांढरी लव आलेली. मला वाटलं, बेसमेंटमध्ये महाबळेश्वर अवतरलंय. तिसऱ्या सकाळी कोपऱ्यातली सहा रोपं आडवी. वरची दोन पानं अजून हिरवीगार, पण खाली मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला. मला वाटलं, तहानलीत. पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी वीस आडवी. त्यांनाही घातलं.

फोनचा कॅमेरा ट्रेवर धरला. आईने चष्मा नीट केला. "कोलमडली रं. बुरशी हाय ती. पाणी जास्त झालं, वारं न्हाई."

"तूच म्हणालीस ना, लागेल तेवढं घाल!"

"मग लागलं हुतं का तेवढं?"

यावर कुठल्याही कृषी विद्यापीठाकडे उत्तर नसावं.

त्या रात्री झोप येईना म्हणून पीटविषयी वाचत बसलो. दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, मरतं, आणि पाण्याखाली हवाच मिळत नसल्यामुळे धड कुजतही नाही. त्याचे थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने साठत जातात. म्हणजे माझ्या एकेका गोळीत शिवाजी महाराजांच्या काळाच्याही आधीचा माल असू शकतो. पुढे वाचलं, आणि उठूनच बसलो. 1950 साली डेन्मार्कमध्ये पीट खणताना लोकांना एक प्रेत सापडलं. चेहरा इतका ताजा की त्यांना वाटलं नुकताच खून झालाय, पोलिसांना बोलावलं. निघाला तो 2400 वर्षांपूर्वीचा माणूस. डोक्यावर कातडी टोपी, हनुवटीवर दाढीचे खुंट, आणि पोटात शेवटच्या जेवणातली जव-जवसाची लापशी, तिच्यातल्या बियासुद्धा ओळखू याव्यात इतकी शाबूत. या पीटने दुसऱ्याच्या पोटातल्या बिया चोवीस शतकं जपल्या. माझी रोपं आठवडाभर नाही.

दुसरा खोका आणायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईने कौतुकाने विचारलं, "मोठं शेत दिसतंय?" चार एकर, असं मी खरंच सांगितलं. कुठे ते सांगितलं नाही.

या खेपेला पाण्याचे सर्वाधिकार माझ्याकडे. झाकण वेळेवर निघालं, कोपऱ्यात छोटा पंखा लागला, ट्यूबलाइट साखळीने रोपांच्या डोक्याशी आणली. नाहीतर उजेडाच्या ओढीने ती काटकुळी, लांबच लांब होतात. साठ उगवली. आणि मग मराठी मंडळाचा पाडवा आला. पाडवा होऊन दोन आठवडे झाले होते, पण शाळेचा हॉल त्या शनिवारी मिळत होता. श्रीखंड, लेझीम, मग मित्राकडे मुक्काम, रविवारी दुपारपर्यंत गप्पा. गरम गादी मात्र बेसमेंटमध्ये इमानेइतबारे चालू होती.

परतलो तर गोळ्या आकसून थर्मोकोलसारख्या हलक्या झालेल्या आणि रोपांनी माना टाकलेल्या. धावत तांब्याभर पाणी आणून ओतलं. पाणी आत शिरेचना! अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं गोळीवरून घरंगळून बाजूला. एरवी वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी पिणारं हे शेवाळ एकदा कडकडीत सुकलं की पाण्याला जवळही येऊ देत नाही. रुसलेल्या जावयासारखं. वरून कितीही ओता, बघणार नाही. त्याला खालून, कोमट पाण्यात, तासभर बसवून ठेवावं लागतं. बसवलं. 31 रोपांनी माना उचलल्या.

त्या दिवसापासून मी देवघरातली पळी घेतली. रोज सकाळी आधी गोळी दोन बोटांत उचलून बघायची. जड असेल तर पुढे जायचं, हलकी असेल तर तिच्या बुडाशी, ट्रेमध्ये एक पळी. संध्येतली चोवीस नावं मुंजीपासून पाठ आहेत. केशवाय नमः पासून सुरू करायचं, तीन फेऱ्यांत बरोबर 72 खळगे संपतात. ज्या खळग्यांतली रोपं गेली होती त्यांनाही नाव मिळायचं, पाणी नाही. बायको पायरीवर उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "मुंजीनंतर पहिल्यांदाच करतोयस ना रे संध्या?"

हे सगळं आईला अभिमानाने सांगितलं. वाटलं, वाफे, राख, शेणखत अशा आठवणी निघतील. ती म्हणाली, "आम्ही कुठं आता बी टाकतोय? नर्सरीतनं तयार ट्रे आणतो. नारळाच्या भुश्श्यातली रोपं असत्यात. रुपया-दीड रुपयाला एक."

मी मनातल्या मनात दोन खोके, गादी, पंखा आणि ट्यूबलाइटचा भागाकार केला. उत्तर बायकोला सांगितलं नाही.

मेमध्ये रोपांना बाहेरची सवय लावण्याचा कार्यक्रम झाला. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग थोडं ऊन. मी ट्रे दोन्ही हातांवर घेऊन, बारशाचं बाळ घेतल्यासारखा, मागच्या अंगणात येरझाऱ्या घालायचो. शेजारचे इटालियन आजोबा कुंपणावरून बघत असायचे. त्यांची टोमॅटोची रोपं मनगटाएवढ्या खोडाची होती असं मी म्हणत नाही, पण मला तसं दिसायचं. अकरा रोपं वाऱ्याने मोडली, सात एका खारीने उपटली. खाल्ली नाहीत, नुसती उपटून ओळीत ठेवली.

व्हिक्टोरिया डेला तेरा रोपं जमिनीत गेली. गोळीची जाळी आधी ब्लेडने फाडली, नाहीतर मुळं आतच गुरफटून बसतात. खारीच्या आणि थंडीच्या भीतीने प्रत्येकावर आइस्क्रीमचा रिकामा डबा पालथा घातला, वर दगड ठेवला.

आणि त्याच रात्री पाऊस आला. दोन वाजता जाग आली ती पत्र्याच्या शेडवरच्या आवाजाने. खिडकीपाशी उभा राहिलो. हे लागेल तेवढं होतं, की जास्त? आईकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा. फोन लावला.

"पाऊस पडतोय," म्हटलं.

"किती?"

खिडकी वर सरकवली आणि फोन बाहेर धरला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "बरा हाय. आमच्याकडं अजून पत्ता न्हाई. रोपांवर काय झाकलंयस?"

"डबे."

"काढ ते. भिजू दे की जरा."

लेंग्यावर, पायांत स्लिपर घालून बाहेर पडलो. डबे उचलताना पावसाचा जोर वाढला, आणि तिसऱ्या ओळीतलं एक रोप पार आडवं व्हायला लागलं, म्हणून त्याच्यापुरती छत्री आडवी धरून उकिडवा बसलो. वरची खिडकी उघडली.

"अरे," बायको म्हणाली, "छत्री स्वतःवर तरी धर."